शनवार तेल्यांचा वंशज

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम १६६४ हे साल आठवते. शिवाजी महाराजांच्या त्या पहिल्या स्वारीची हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवली आहे. तीत दोन परकीय माणसांचा उल्लेख येतो. एक कापुचिन संघाचे पाद्री अँब्रोझ. त्यांच्या घराला महाराजांनी धक्का लागू दिला नाही. दुसरा कॉन्स्टँटिनोपलचा एक ज्यू व्यापारी. तो बादशहाला विकण्यासाठी माणके घेऊन सुरतेत उतरला होता. तापीच्या काठचे हे बंदर तेव्हा साऱ्या जगाची पेठ होते. इंग्रज, डच, आर्मेनियन, पारशी, अरब अशी नाना वंशांची माणसे तेथे येत, व्यापार करीत, आणि त्यांतील कित्येक तेथेच मातीआड होत.

पुढे अठराव्या शतकात बगदाद आणि हलब या शहरांतून ज्यू व्यापारी सुरतेस येऊन राहू लागले. जोसेफ सेमा हा १७३० साली आला. शालोम कोहेन १७९०च्या सुमारास आला आणि काही वर्षांनी कलकत्त्यास जाऊन तेथल्या ज्यू समाजाचा आद्य पुरुष ठरला. सुरतेत त्यांचे प्रार्थनामंदिर होते, दफनभूमी होती. मुंबईचा भाग्योदय झाला तशी ही मंडळी तिकडे सरकली. त्यांना आपला वंश ठाऊक होता, पूर्वजांची गावे ठाऊक होती, हिब्रू वाचता येत होते. आपण कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

परंतु सुरतेच्या दक्षिणेस, त्याच समुद्राच्या काठी, कुलाबा जिल्ह्यात त्यांचेच धर्मबंधू कित्येक शतके राहत होते, आणि त्यांना मात्र हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आला. हे लोक म्हणजे बेने इस्राएल. त्यांची भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनावे पेणकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली. त्यांची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते वाहून आली, ती वाचलेल्यांनी नवगावास पुरली. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू गेली. राहिली ती एक प्रार्थना, ईश्वर एकच आहे असे सांगणारी. तिचे आरंभीचे शब्द तेवढे तोंडात टिकले.

पोटासाठी त्यांनी घाणा धरला. तीळ, खोबरे गाळून तेल काढावे आणि गावोगाव विकावे, हा त्यांचा धंदा. मात्र शनिवारी त्यांचा घाणा बंद राही. म्हणून शेजारच्या लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. घाण्याचा बैल म्हणजे अखंड कष्टाचे प्रतीक. मराठीत ज्याच्या नशिबी विसावा नाही अशा माणसाला आपण तीच उपमा देतो. शनवार तेल्यांचा बैल मात्र सात दिवसांतून एकदा जू उतरून गोठ्यात उभा असे. मोशेला मिळालेल्या आज्ञांमध्ये शब्बाथाचा विसावा केवळ मालकाला सांगितलेला नाही. चाकराला, परक्याला आणि बैलालाही सांगितला आहे. ज्यांच्याजवळ तो ग्रंथ उरला नव्हता, त्यांच्याजवळ त्या ग्रंथातली मुक्या जनावराची सवड मात्र उरली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्या सणांची नावेही मातीतून उगवलेली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. दार लावून घरात उपवास करण्याचा तो दारफाळणीचा सण. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाच्या दिवसाचे नाव बिरड्याचा रोजा, कारण उपवास सोडताना वालाचे बिरडे खायचे. नवस फेडताना मलिदा करावयाचा: पोहे, गूळ, ओले खोबरे आणि ताजी फळे ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे नाव घ्यावयाचे. अलिबागेच्या बाजूस खंडाळे गावी एका कातळावर त्या संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. पॅलेस्टाईनचा संदेष्टा कोकणच्या कातळावर उतरला तो असा.

हे लोक कोण आहेत, याचा शोध प्रथम कसा लागला, त्याचीही एक कथा आहे. दाविद राहबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. त्याचा काळ समाजाच्या परंपरेत फार मागे नेलेला आहे. इतिहासकारांचे मत अठराव्या शतकाकडे झुकते. शनिवारी काम न करणारे हे तेली पाहून त्याला संशय आला. त्याने वंशावळ मागितली नाही. त्याने बाजारातून नाना जातींचे मासे आणले आणि घरातील स्त्रियांना ते रांधण्यास सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे एका बाजूस ठेवले आणि बिनखवल्यांचे दुसऱ्या बाजूस काढले. हे आम्ही खात नाही, असे त्या म्हणाल्या. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयाच्या अकराव्या अध्यायात, हाच भेद सांगितला आहे. राहबीची खात्री पटली. त्याने त्यांच्यातील तिघांना धर्माचे शिक्षण दिले आणि त्यांना काजी म्हणून नेमले.

कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हा प्रश्न निराळा. पण तिचे मर्म सुंदर आहे. कोकणातल्या बाईला मासा पारखता येतो, यात नवल नाही. शिंगाळा, मुशी, कोलंबी, खेकडा यांची अंगे तिच्या बोटांना पाठ असतात. या स्त्रियांनी आपला वंश कातडीच्या रंगावरून किंवा कुळाच्या कागदावरून सिद्ध केला नाही, तर निसर्गाकडे पाहण्याच्या एका जुन्या सवयीवरून केला. आज्यांनी नातींना शिकवलेले हे ज्ञान पोथीपेक्षा चिवट निघाले.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. विल्सनसाहेबांचा हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि बहुतेकांनी आपला धर्म राखला. मिशनच्या शाळांतून शिकलेली त्यांची मुले आपले ग्रंथ पुन्हा मूळ भाषेत वाचू लागली.

परंतु ओळख पटली म्हणून मान मिळाला, असे झाले नाही. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे सुरत आणि बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू मुंबईत स्थिरावले, तेव्हा त्यांना या सावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंचा संकोच वाटू लागला. १८३६ साली त्यांच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की सामाईक दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी. मेल्यानंतरही शेजार नको! आणि खुद्द बेने इस्राएलही या दोषातून सुटले नव्हते. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते. ज्यांची आई समाजाबाहेरची ते काळे, आणि त्यांच्याशी गोऱ्यांचे विवाह होत नसत. जो स्वतः भिंतीच्या पलीकडे लोटला जातो, तोही आपल्या अंगणात एक लहानशी भिंत उभारतो. भारतात राहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला हे दृश्य अपरिचित नाही; ख्रिस्ती देवळांतूनही जातीजातींची निराळी बाके एके काळी होती.

१८६०च्या दशकात सुरतेवरून मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग सुरू झाला. पलटण, रेल्वे, टपाल, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या यांत नोकरी करणारी बेने इस्राएल कुटुंबे गुजरातेत पसरली. अहमदाबादेस त्यांची चांगली वस्ती झाली, आणि १९३४ साली खमासा भागात मागेन अब्राहाम हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्याच्या समोर पारशांची अग्यारी आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कचेरीत इंग्रजी आणि प्रार्थनेत हिब्रू, अशा चार भाषांत हा छोटा समाज वावरू लागला.

याच समाजात अहमदाबादेस १९१२ साली रूबेन डेव्हिड यांचा जन्म झाला. तरुणपणी ते शिकारी होते. त्या काळी गुजरातेत शिकार हा प्रतिष्ठेचा शोक मानला जाई. चांगल्या शिकाऱ्याला पावलाचा ठसा ओळखावा लागतो, वाऱ्याची दिशा पाहावी लागते, जनावर कोणत्या वेळी पाण्यावर येईल आणि भ्याले म्हणजे कोठे वळेल हे जाणावे लागते. ज्याला मारावयाचे त्याचा स्वभाव त्याला प्रथम शिकावा लागतो. रूबेन डेव्हिड यांनी हा अभ्यास केला आणि एका टप्प्यावर त्याची दिशा बदलली. बंदूक गेली आणि औषधाची बाटली आली. पशुवैद्यकाचे रीतसर शिक्षण न घेता, पुस्तके वाचून आणि जनावरांच्या सहवासात राहून ते स्वतःच्या बळावर जनावरांचे वैद्य झाले.

माणूस रोगी असला तर कोठे दुखते ते सांगतो. जनावर सांगत नाही. उलट रानातला प्राणी दुखणे लपवतो, कारण दुबळेपणा दिसला की मृत्यू ओढवतो. अशा रोग्याचा वैद्य होण्यासाठी कानापेक्षा डोळा तयार असावा लागतो. त्याने चारा टाकला का, तो कोणत्या कुशीवर निजतो, त्याची मान कशी आहे, नजर कशी आहे, हे तासन्‌तास पाहावे लागते. शिकाऱ्याचा डोळा येथे उपयोगी पडला. मारण्यासाठी शिकलेली विद्या जगवण्यासाठी वापरता येते, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले.

अहमदाबादचे कांकरिया तळे १४५१ साली सुलतान कुतुबुद्दीन याच्या काळात पूर्ण झाले. त्यानंतर बरोबर पाचशे वर्षांनी, १९५१ साली, त्या तळ्याच्या काठी नगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि ते रूबेन डेव्हिड यांनी उभारले. कमला नेहरू प्राणिसंग्रहालय हे त्याचे नाव. मुलांसाठी बालवाटिकाही त्यांनीच वाढवली. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या त्या शहरात, धूर आणि कापसाच्या तंतूंत वाढणाऱ्या मुलांना त्यांनी सिंह, मोर, मगर आणि साप दाखवले. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री ही पदवी दिली. १९८९ साली ते निवर्तले.

पिंजरा हा पिंजराच असतो, असे आज कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे खोटे नाही. प्राणिसंग्रहालयांविषयीचे विचार गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ बदलले आहेत. १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचे युग संपले. परंतु १९५१ साली रानाचा विचार बंदुकीच्या नळीतूनच करण्याची रीत होती. त्या काळी प्राण्याला पाहावे, ओळखावे आणि त्याची शुश्रूषा करावी, हे शिकवणारी जागा शहराच्या मध्यावर निर्माण करणे ही लहान गोष्ट नव्हती. सृष्टी निर्माण झाल्यावर आदामाला कोणते काम मिळाले? प्रत्येक प्राण्याला नाव देण्याचे. नाव द्यावयाचे तर आधी थांबून पाहावे लागते. शहरातल्या मुलांना ते काम रूबेन डेव्हिड यांनी पुन्हा दिले.

त्याच १९५१ साली त्यांच्या समाजाच्या कपाळी काय आले, तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर कोकण, मुंबई आणि गुजरातेतून बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले होते. दोन हजार वर्षांनी घरी परतल्याची त्यांची भावना होती. पण रंगावरून आपल्याला कमी लेखले जाते, असा काहींना अनुभव आला. १९५१ साली त्यांतील काहींनी तेथे धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. गांधीजींच्या देशातून गेलेल्या माणसांना हा मार्ग सुचावा, यात आश्चर्य नाही. पुढल्या वर्षी त्यांतले काही खरोखरच परतले.

१९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्राएल वधूवरांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. पुन्हा तोच प्रश्न: तुम्ही कोण? आज्या-पणज्यांची कुळे कागदावर दाखवा. ज्यांचे कागद दोन सहस्रकांपूर्वी नवगावच्या समुद्रात बुडाले, त्यांनी ते आणावे कोठून? समाजाने चळवळ केली, यरुशलेममध्ये धरणे धरले. अखेरीस १९६४ साली तेथील संसदेने स्पष्ट केले, की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी पूर्ण ज्यू आहेत. माशांवरून जी ओळख राहबीला एका दिवसात पटली, ती विद्वानांच्या सभेला पटण्यास इतकी वर्षे लागली.

विज्ञानानेही या प्रश्नात हात घातला आहे. २०१६ साली बेने इस्राएलांच्या आनुवंशिक द्रव्याचा एक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यूंचा वारसा खरोखर आहे, आणि भारतीय वारसाही तितकाच खरा आहे. गलबताची कथा अगदीच निराधार नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. पण त्याबरोबर हेही म्हटले पाहिजे, की ‘गोरे’ आणि ‘काळे’ हा भेद निराधार होता. समुद्रातून आलेल्यांना कोकणच्या मातीतील माणसांनी आपलेसे केले होते, ते केवळ शेजारधर्माने नव्हे, तर सोयरिकीनेही. शुद्ध वंश हे माणसाच्या अभिमानाने रचलेले चित्र आहे. नदीला ज्याप्रमाणे अनेक ओहोळ मिळतात आणि तरीही ती तापीच राहते, त्याप्रमाणे माणसाचे कूळ असते.

या समाजात सृष्टीचे वेड एकट्या रूबेन डेव्हिड यांनाच होते असे नाही. ज्या विल्सनसाहेबांनी बेने इस्राएलांसाठी व्याकरण लिहिले, त्यांच्याच नावाच्या मुंबईतील महाविद्यालयात पुढे मोझेस इझिकेल हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंग्रजीत काव्य लिहिणारे प्रसिद्ध भारतीय कवी निसिम इझिकेल हे त्यांचे पुत्र. घाण्यात तीळ टाकणाऱ्यांच्या वंशजाने तिळाच्या फुलाचे शास्त्र शिकवावे, हा कालाचा महिमा म्हणावा लागेल.

रूबेन डेव्हिड यांच्या पत्नी सारा या शिक्षिका होत्या. त्यांची कन्या एस्थर डेव्हिड यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. अहमदाबादच्या बेने इस्राएल कुटुंबांची कथा त्यांनी १९९७ साली ‘द वॉल्ड सिटी’ या कादंबरीत आणली. कोकणच्या किनाऱ्यावर मागे राहिलेल्या एका ज्यू वृद्धेची कथा सांगणाऱ्या ‘बुक ऑफ रेचेल’ या कादंबरीस २०१० सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वडिलांच्या प्राणिसंग्रहालयावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. बाप जनावरांची शुश्रूषा करी, लेक आठवणींची करते.

आज भारतात बेने इस्राएल फार थोडे उरले आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. २०११च्या जनगणनेत साऱ्या देशातील सर्व ज्यू मिळून पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली त्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. ज्यांची माणसे इस्राएलात गेली, त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. इकडे असताना त्यांना यरुशलेम आठवे, तिकडे गेल्यावर त्यांना अलिबाग आठवले. मूळ शोधत निघालेल्या माणसाला पुष्कळदा असे आढळते, की आपले एक मूळ मागेच राहिले.

यशया संदेष्ट्याने अशा एका काळाचे स्वप्न पाहिले, की ज्यात लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतील आणि लहान मूल त्यांना पुढे घेऊन चालेल. ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही हे स्वप्न आपले मानतात. माणसामाणसांतल्या भिंती अद्याप पुरत्या पडलेल्या नाहीत, तोवर लांडग्याची गोष्ट दूरच आहे. परंतु कांकरियाच्या काठी सुट्टीच्या दिवशी सिंहाच्या पिंजऱ्यासमोर जी गर्दी होते, तीत हिंदू, मुसलमान, जैन, पारशी, ख्रिस्ती अशी सगळी मुले एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत असतात. तू कोणत्या कुळातला, असे तेथे कोणी कोणाला विचारत नाही. सगळ्यांचे डोळे सिंहाकडे असतात. शनिवारी घाण्याच्या बैलाचे जू उतरवणाऱ्या लोकांचा एक वंशज ती जागा त्यांच्यासाठी करून गेला.